ओरडणाऱ्या माणसांचे फोटो

मी ओरडणाऱ्या माणसांचे फोटो काढतो. त्यावर माझं घर चालतं. रॉक बँडचा गायक माइक दाताशी धरून, मानेच्या शिरा ताणून ओरडत असतो, मागे ड्रमवाला हाणत असतो, समोर पोरंपोरी उड्या मारत असतात आणि स्टेज व लोखंडी कठडा यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेत मी कानात बोळे घालून वाकून उभा असतो. फोटोत आवाज येत नाही, त्यामुळे तोंड नेमक्या वेळी पकडावं लागतं. जरा आधी पकडलं तर गायक जांभई देतोय असं वाटतं आणि जरा उशिरा पकडलं तर त्याची दाढ दुखतेय असं वाटतं.

आमच्या बीड जिल्ह्यातल्या चौसाळ्यात हे काम कुणाला समजावून सांगण्यात अर्थ नाही. मी एकदा प्रयत्न केला होता. पाहुण्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग लग्नाच्या शीजनला काय करता?" तेव्हापासून अप्पा, म्हणजे माझे वडील, कुणी विचारलं की परस्पर सांगून टाकायचे, "पुण्याला फोटोचं दुकान हाय त्याचं." पुण्यात माझं दुकान नाही, कधी नव्हतं. पण दुकान म्हटलं की पुढचे प्रश्न येत नाहीत, आणि अप्पांना पुढचे प्रश्न आवडत नसत.

त्यांचा स्वतःचा धंदाही तसा आवाजाचाच. ते मेंढरं राखतात. कळप माळावर सोडायचा, आपण मागे राहायचं आणि मागूनच आवाजावर हाकायचा, ही त्यांची रीत. काठी हातात असते, पण ती टेकायला. मेंढरांनी कुठं वळायचं, कुठं थांबायचं, पाण्यावर कधी उतरायचं हे सगळं त्यांच्या गळ्यातून ठरायचं. ओठ फडफडवून काढलेला एक आवाज, शिट्टीचे काही प्रकार, आणि लांब पल्ल्याची एक हाक, जी वारा पडलेला असला तर माळावरून हायवेच्या ढाब्यापर्यंत यायची.

गेल्या वर्षी डॉक्टरांनी सांगितलं की अप्पांच्या गळ्यातली आवाजाची पेटी काढावी लागेल. आवाज आधीपासूनच घोगरा झाला होता. घसा बसलाय म्हणून ते हळद घातलेलं दूध पीत होते आणि दूध पिऊन झालं की वर तंबाखूचा बार भरत होते. डॉक्टर म्हणाले, "जीव वाचेल. बोलता मात्र येणार नाही." अप्पा म्हणाले, "बोलायचं काय न्हाई साहेब, समदं बोलून झालंय. शिट्टी तरी?" शिट्टीही नाही, असं डॉक्टरांनी समजावलं. श्वास यापुढे गळ्याला पाडलेल्या भोकातून जाणार-येणार, तोंडातून हवाच निघणार नाही, मग शिट्टी कुठून आणि ओठ कसे फडफडणार? अप्पांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेचं काय करायचं ते मला कळेना, म्हणून मी रिपोर्टांच्या पिशवीची गाठ सोडली आणि परत बांधली.

घरी चुलते वाट बघत बसले होते. ते म्हणाले, "मेंढरं इकून टाका आता. मुक्या माणसाच्या मागं मेंढरं राहतेत का कुठं?" त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं, त्यांना जे दिसलं ते बोलले. अप्पा त्या घोगऱ्या आवाजात म्हणाले, "आवाज माझा चाललाय. मेंढरं कशापायी जातील?"

एवढं बोलून ते कळपाकडे निघून गेले. पण चुलत्यांचं म्हणणं खोटं नव्हतं हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. मेंढरं गेली की अप्पा घरी बसणार. घरी बसलेली माणसं मी गावात पाहिली आहेत. ती सकाळी पाराच्या एका बाजूला असतात आणि सावली सरकेल तशी सरकत संध्याकाळी दुसऱ्या बाजूला पोहोचतात. अप्पांना असं सरकताना बघायची माझी तयारी नव्हती.

मला मेंढरांतलं काही कळत नाही. पण आवाजाशी ज्यांचा रोजचा व्यवहार आहे अशी माणसं माझ्या ओळखीची आहेत. ती ओळख कशी झाली हे सांगितल्याशिवाय पुढचं सांगता येणार नाही.

मी मुळात लग्नाचा फोटोग्राफर. चौसाळ्यात हायवेच्या कडेला एका मोबाइलवाल्याच्या गाळ्यात अर्धी जागा घेऊन मी धंदा सुरू केला. लग्नाच्या फोटोग्राफरचा आमच्याकडे जो दरारा असतो तो भटजींचाही नसतो. तो स्टेजवर चढला की स्टेज त्याचं. नवरदेवाची हनुवटी धरून वर करायची, मामाला मागे सारायचं, पुढारी आले की नवरीच्या आईला बाजूला घ्यायचं, पुढारी गेले की तिला परत आणायचं. पाहुण्यांना लग्न दिसलंच पाहिजे असं काही नसतं. पाहुण्यांना फोटोग्राफरची पाठ दिसते, लग्न नंतर अल्बममध्ये दिसतं. एखादी गोष्ट हुकली तर ती परत करून घ्यायची. मांजरसुंब्याच्या एका कार्यालयात मी हार उतरवून दुसऱ्यांदा घालायला लावले आहेत आणि भटजींनी शेवटचं मंगलाष्टक मुकाट्याने पुन्हा म्हटलं आहे.

त्याच लग्नात नवरीचा धाकटा भाऊ होता. पुण्याला इंजिनिअरिंगला असलेला, केस एवढे वाढवलेला की त्याच्या डोक्यावर फेटा बसेना. त्याला माझे फोटो आवडले. काही महिन्यांनी त्याचा फोन आला, "दादा, आमचा रॉक बँड आहे. मी गातो. कॉलेजात कार्यक्रम आहे, फोटो काढायला याल का?" मी माझं सगळं सामान बांधलं. फ्लॅश, दोन छत्र्या, स्टूल. पुण्याला गेलो तो असा वरातीच्या तयारीने.

कार्यक्रम सुरू झाला आणि मी सवयीप्रमाणे स्टेजवर चढलो. समोरच्या सगळ्या गर्दीकडे पाठ केली आणि गायकापुढे जाऊन उभा राहिलो. माइक त्याच्या तोंडाच्या आड येत होता, तो थोडा बाजूला केला. गिटारवाल्याचे केस डोळ्यांवर आले होते, ते मागे सारून दिले. तो वाजवत राहिला, पण पुढचे काही सूर त्याने माझ्याकडे बघत वाजवले. मग मी टाळी वाजवून म्हटलं, "इकडं बघा सगळे. ड्रमवाले, जरा हसा." खालून जो कल्ला झाला तो मला दाद वाटला. गाणं संपलं तेव्हा मी गायकाला सांगितलं, "शेवटच्या ओळीला तुझे डोळे मिटले होते. तेवढी परत म्हण." तेव्हा दोन पोरं आली आणि मला दोन्ही दंडांना धरून अदबीने खाली घेऊन गेली. स्टूल वरच राहिलं. फ्लॅशही वरच राहिला.

मला फार राग आला होता. आमच्याकडे फोटोग्राफरला असं उतरवलं असतं तर त्याने लग्न अर्ध्यावर सोडलं असतं. पण परतीची एसटी सकाळी होती, म्हणून कठड्याला टेकून रागारागात फोटो काढत राहिलो. कार्यक्रमानंतर कँटीनमध्ये बसून मी खराब फोटो उडवायला घेतले. मिटलेल्या डोळ्यांचा फोटो लग्नात फुकट जातो. नांदूरघाटच्या एका लग्नात नवरीच्या वडिलांनी असा एकच फोटो पाहून माझ्या सगळ्या खानदानाचा उद्धार केला होता. मी उडवत चाललो होतो, तेवढ्यात गायकाने माझा हात धरला. "दादा, थांबा. हा पाहिजे."

त्या फोटोत त्याचे डोळे मिटलेले, तोंड वाकडं, केस कपाळाला चिकटलेले आणि निम्मा चेहरा अंधारात. मी म्हटलं, "अरे, ह्यात तू आजारी दिसतोस." तो म्हणाला, "गाताना मी असाच असतो." मला वाटलं, पोरगं समजूतदार आहे, माझी समजूत काढतंय.

तो फोटो त्यांच्या पोस्टरवर लागला. तो पाहून दुसऱ्या बँडने बोलावलं, मग तिसऱ्या. मला वाटत होतं की फोटो फसलेला आहे हे कुणाच्या तरी लक्षात येईल आणि हे थांबेल. ते थांबलं नाही. मी पुण्यात खोली घेतली. बँडच्या गाडीत ड्रमच्या पेट्यांवर झोपून बेंगळुरूला गेलो, शिलाँगला गेलो. या धंद्याचा एक नियम आहे. पहिली तीन गाणी फोटो काढायचे, तेही फ्लॅशशिवाय, आणि मग बाहेर. ज्या माणसासाठी भटजींनी मंगलाष्टक पुन्हा म्हटलं, त्याला आता तीन गाणी झाली की काळ्या शर्टातला रक्षक बोटाने दार दाखवतो. मी जातो. बाहेर उभा राहून उरलेला कार्यक्रम भिंतीतून ऐकतो. अंगावर पाणी उडालेलं असतं, कधी बिअर, एकदा एका गायकाचा तुटलेला दातही उडाला होता. तो मी परत नेऊन दिला.

हे सगळं घरी दाखवायचं धाडस मी बऱ्याच उशिरा केलं. एका दिवाळीत मोबाइलवर त्या पहिल्या गायकाचा, चांगला नावाजलेला फोटो मायला दाखवला. ती म्हणाली, "ह्येच्या घरचं कुणी गेलं का रं?" अप्पांनी मोबाइल हातभर लांब धरला. "न्हाई गं. लांब गेलेलं जनावर वळवायलाय ह्यो. त्येला ऐकू जाईना." मी मोबाइल परत घेऊन खिशात ठेवला. पण त्यानंतर तो फोटो पाहिला की मला त्यात कुठेतरी बाहेर हरवलेलं जनावर दिसायला लागलं, आणि धंद्याला हे काही बरं नाही.

तर अप्पांच्या ऑपरेशनची तारीख ठरली तशी मी याच गायकाला फोन केला. बँड अजून चालू होता, पण त्याने पोटापाण्यासाठी आवाज रेकॉर्ड करायचा स्टुडिओही काढला होता. मी विचारलं, "हाका साठवून ठेवता येतील का?" त्याने एवढंच विचारलं की मेंढरं चावतात का, आणि दुसऱ्या दिवशी मोटारसायकलवर आला.

त्याच्याजवळच्या माइकला वाऱ्याचा आवाज येऊ नये म्हणून केसाळ टोपडं घातलेलं होतं. माय म्हणाली, "कोकरू आणलंय का ह्येनं?" खऱ्या कोकरांनीही येऊन ते हुंगलं आणि निराश होऊन गेली. मग त्याने अप्पांना अंगणात बाजेवर बसवलं, माइक समोर धरला, कानाला मोठी यंत्रं लावली आणि म्हणाला, "हां अप्पा, मारा हाक."

अप्पा बसून राहिले.

"मारा की."

"कुणाला?"

"मेंढरांना. समजा, समोर मेंढरं आहेत."

"न्हाईत की पर."

"नाहीत, पण समजा."

अप्पांनी माझ्याकडे पाहिलं, हे पोरगं ठीक आहे ना, अशा नजरेने. मग खाकरून माइकला म्हणाले, "ए." त्या दिवशी तेवढंच झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही कळपाबरोबर माळावर गेलो. पुढे मेंढरं, मागे अप्पा, त्यांच्या मागे लांब दांडीला ते माइकचं कोकरू बांधून काळ्या बुटांतला गायक, आणि बाजूने मी. मेंढरं लांब पांगली आणि अप्पांनी पहिली हाक दिली. ती त्यांनी माइकला दिली नव्हती, कडेच्या काट्यात शिरणाऱ्या दोन मेंढ्यांना दिली होती. आवाज घोगरा, चिरलेला, मध्येच फाटणारा, पण पोहोचला. मेंढ्या वळल्या. गायक जागीच थांबला. मला म्हणाला, "दादा, असा आवाज यावा म्हणून आमच्यातले लोक काय काय करतात, माहितीये?"

अप्पांनी विचारलं, "काय म्हणतोय त्यो?"

"तुमचा आवाज लई चांगला हाय म्हणतोय."

"मंग डॉक्टरला सांग म्हणावं."

मी फोटो काढत होतो. आजवर अप्पांना हाक मारताना मी लांबून, नाहीतर पाठीमागून पाहिलं होतं. समोरून, एवढं जवळून कधीच नाही. लांबची हाक देताना ते डोळे मिटतात हे मला तेव्हा कळलं. मानेच्या शिरा वर येतात, तोंड एका बाजूला ओढलं जातं आणि हाक संपली तरी तोंड थोडा वेळ उघडंच राहतं, जसं काही पलीकडून उत्तर येणार आहे. मी असे किती चेहरे टिपले असतील.  त्या दिवशी मात्र मला भीती वाटत होती. घरातला माणूस समोर उभा आहे, त्याचा आवाज तिथंच हवेत आहे, आणि माझ्या यंत्रात त्यातलं काहीच येत नाही, याची भीती.

सगळ्या हाका झाल्या, एक राहिली. हायवे ओलांडण्याआधी अप्पा एक हाक देत, ती ऐकली की सबंध कळप जागच्या जागी थांबायचा. गायक म्हणाला, ती इथेच देऊन टाका. अप्पा तयार होईनात. "हितं कुठाय रस्ता? रस्ता न्हाई तितं थांब म्हणलं, तर रस्ता असंल तितं कशापायी थांबतील?" शेवटी सगळं लटांबर हायवेला न्यावं लागलं. ती हाक रेकॉर्ड झाली तेव्हा मागून ट्रक चालले होते, त्यामुळे तिच्या शेवटी कायमचा एक हॉर्न बसला.

ऑपरेशन पुण्यात झालं. नीट झालं. त्याबद्दल जास्त सांगण्यासारखं काही नाही. आम्ही बाकड्यावर बसून होतो आणि अप्पा आत होते. त्या दिवसांत मेंढरांकडे चुलत्यांनी बघितलं आणि काही कोकरं बाजारात नेऊन विकली. ती विकायचीच होती.

घरी आल्यावर भेटायला येणारी माणसं अप्पांच्या कानाशी तोंड नेऊन मोठ्याने ओरडायची, "बरं हाय का आता?" बोलता येत नाही म्हणजे ऐकूही येत नसणार, असा सगळ्यांचा समज झाला होता. अप्पा मागे सरकायचे. मग समोरचा आणखी पुढे सरकून आणखी जोरात ओरडायचा. मायने शेवटी दारात बसून येईल त्याला आधीच बजावायला सुरुवात केली, "कान हायेत त्येंचे. हळू बोला." मग माणसं आत जाऊन कुजबुजायची.

गळ्यातल्या भोकावर बांधायला मायने जुन्या मऊ लुगड्याची फडकी शिवली. डॉक्टरांनी धुळीत जायचं नाही म्हणून सांगितलं होतं. बीड जिल्ह्यात राहून धुळीत जायचं नाही म्हणजे कुठे जायचं, ते सांगितलं नव्हतं. महिनाभराने अप्पांनी काठी घेतली आणि माझ्याकडे बघून भुवया उडवल्या.

गायकाने हाका एका डब्यात घालून पाठवल्या होत्या. गाड्यावर भाजी विकणारे लावतात तसला कर्णा, त्याला मोठाली बटणं. अप्पांनी तो गळ्यात अडकवला. चुलते, शेजारी आणि आसपासची बरीच रिकामी माणसं बघायला जमली. अप्पांनी वळायचं बटण दाबलं. डब्यातून त्यांचा आवाज निघाला. मेंढरांनी माना वर केल्या, जरा विचार केला आणि वळली.

"आयला," चुलते म्हणाले.

एकजण म्हणाला, आता घरात बसून मोबाइलवरूनच राखा. अप्पा हसले. त्यांचं हसणं आता नुसतं खांद्यांत होतं. मी चार दिवसांसाठी आलो होतो, राहिलो. अप्पा गरज नसतानाही बटणं दाबत हिंडायचे. हायवेशी थांबायची हाक आणि तिच्यामागून तो हॉर्न वाजला की कळप थांबायचा आणि ट्रकवालेही बावरून बघायचे. मला फार आनंद झाला होता. आयुष्यात पहिल्यांदा माझा धंदा अप्पांच्या कामी आला होता, आणि हे मी भेटेल त्याला सांगत सुटलो होतो.

तेव्हा ओढ्याला पाणी होतं, म्हणून पाण्याच्या हाकेची वेळ आली नाही. ओढा आटला तसं कळपाला माळापलीकडच्या तळ्यावर न्यायचं ठरलं. अप्पांनी पाण्याचं बटण दाबलं. लांब पल्ल्याची हाक. ती संपता संपता तिच्यात मागे कुठेतरी एक कोकरू ओरडतं. ते रेकॉर्ड करताना आम्ही ऐकलं होतं. गायक म्हणाला होता, राहू दे, छान वाटतंय.

मेंढरं तळ्याच्या बाजूला वळली. एक मेंढी वळली नाही. ती कळपातून निघून सरळ अप्पांकडे आली आणि डबा हुंगायला लागली. अप्पांनी तिला काठीने हळूच लोटलं आणि ती निघावी म्हणून परत बटण दाबलं. हाक झाली, कोकरू ओरडलं. मेंढीने उत्तर दिलं. मग ती अप्पांच्या मागे जाऊन बघून आली, परत पुढे आली, डब्याला नाक लावलं आणि ओरडत राहिली.

माझ्या आधी अप्पांना कळलं. तिचं कोकरू बाजारात गेलेल्यांपैकी होतं.

त्यांनी डबा बंद केला, गळ्यातून काढला आणि माझ्या हातात दिला. मी म्हटलं, "अप्पा, तेवढा आवाज कापता येतो. मी पुण्याला पाठवतो, लगेच करून येईल." त्यांनी मान हलवली. मी परत समजावलं. त्यांनी मेंढीकडे बोट केलं, डब्याकडे बोट केलं आणि हात आडवा हलवला. नको. मी भडकलो. एवढा खटाटोप, पुण्याहून माणूस आला, काट्यांत फिरला, आणि एका मेंढीसाठी सगळं पाण्यात. मी बोलत राहिलो आणि ते ऐकत राहिले. भांडणात समोरचा बोलू शकत नसला की आपलंच बोलणं आपल्याला ऐकू येतं. 

मेंढी अजून ओरडत होती. ऊन चढलं होतं. बाकीची मेंढरं तळ्याच्या वाटेवर अर्ध्यात थांबून मागे बघत होती. हाकेवाचून ती पुढे जाणार नव्हती आणि परतही येणार नव्हती. मला चुलत्यांचं बोलणं आठवलं. अप्पांनाही आठवलं असणार, कारण ते एकदम चालायला लागले. कळपाच्या कडेने, एकेका मेंढराच्या पाठीवर हात टेकत, ते पार पुढे गेले. मी त्यांना कळपाच्या पुढे कधी पाहिलं नव्हतं. तिथे जाऊन त्यांनी तळ्याकडे तोंड केलं आणि मेंढरांकडे पाठ करून चालू लागले.

मेंढरं बघत राहिली. मग एक निघालं, त्याच्यामागे दुसरं, मग बरीच. अप्पा थोडं चालले आणि येतात की नाही ते बघायला वळले. ते वळताच सगळा कळप थांबला. समोर माणूस आपल्याकडे तोंड करून उभा राहिला की मेंढरं थांबणारच. अप्पा परत पुढे तोंड करून निघाले. मेंढरं निघाली. अप्पांनी मान वळवली. मेंढरं थांबली. असं बराच वेळ चाललं. वळल्याशिवाय कळत नव्हतं आणि वळलं की चालत नव्हतं. हायवेवरून कुणी पाहिलं असतं तर त्याला हसू आलं असतं.

शेवटी अप्पा वळले आणि सगळ्या कळपावरून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मागे उभा होतो, एका हातात कॅमेरा, एका हातात डबा. दवाखान्यात पाहिलं होतं तसंच त्यांनी पाहिलं. या वेळी मला कळलं.

ते परत पुढे तोंड करून निघाले आणि मी ओरडलो, "येतेत!" आवाज बारीक निघाला. एवढी वर्षं ओरडणाऱ्यांत काढून मला ओरडता येत नव्हतं. अप्पांची मान अर्धी वळली. मी पुन्हा छाती भरून ओरडलो, "येतेत अप्पा, समदी येतेत!" मान परत सरळ झाली. त्यांनी काठी थोडी वर उचलली आणि चालत राहिले. ती मेंढीही मागून निघाली होती, तेही मी ओरडून सांगितलं.

तळ्यापर्यंत मी ओरडत गेलो. अप्पांनी एकदाही मागे पाहिलं नाही. वाटेत मला रडू फुटलं आणि माझा आवाज बंद पडला, तशी पुढे त्यांची पावलं अडखळली. म्हणून मी रडणं तसंच ठेवून ओरडलो, "येतेत अप्पा. चला तुमी."